दाखला कोणाचा, मोजणी कोणाची?

तीन वर्षांपूर्वी बढतीच्या मुलाखतीसाठी मी एका समितीपुढे बसलो होतो. फाइलमध्ये माझे सहा लेख होते. त्यांतल्या एकावर समितीतल्या एका गृहस्थांनी बोट ठेवले आणि विचारले, "याला सायटेशन किती?" लेख मराठी त्रैमासिकात आलेला होता. मी म्हणालो, "सर, एकही नाही." त्यांनी पेन्सिलीने समासात शून्य काढले आणि पान उलटले. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. फॉर्ममध्ये तो रकाना होता आणि त्यांनी तो भरला, इतकेच.

लेख कशावर होता ते सांगतो. माझे गाव सिंदफणेच्या काठचे. माझी आजी 'पटकीचं साल' म्हणायची. रझाकाराच्या आधी दोन सालं, अशी तिची तारीख. त्या सालात आमच्या वाड्यातली माणसे दिवसाला एक-दोन याप्रमाणे गेली. गावाने मरीआईचा गाडा काढला आणि आमच्याच माणसांकरवी शिवेबाहेर नेऊन सोडला. गावाची विहीर आमच्यासाठी नव्हती. आम्ही पीत होतो ते नदीतल्या झऱ्याचे पाणी. गावातल्या जुन्या कागदांत त्या सालचे मृत्यू मी शोधले, तर वाड्यातले एकही नाव सापडले नाही. मग म्हाताऱ्या बायांच्या तोंडून एकेक करून अकरा नावे गोळा केली. तो माझा लेख. बाप ऊस तोडत होता, घरात पदवी घेतलेला मी पहिला. इतिहासाचा प्राध्यापक झाल्यावर पहिले कर्तव्य म्हणून मी तो लिहिला होता. जी माणसे मेली तेव्हा मोजली गेली नाहीत, त्यांच्यावरचा लेखही मोजला गेला नाही. हे मला लागले. पण नुसते लागून घेणे हे इतिहासाच्या शिक्षकाचे काम नव्हे. म्हणून मी दुसरा प्रश्न हाती घेतला : ही मोजणी आली कुठून? कोणी, कशासाठी सुरू केली? आणि ती ज्या शास्त्रांसाठी निर्माण झाली, त्या शास्त्रांत तरी ती खरी ठरते काय?

प्रथम शब्दाबद्दल. 'सायटेशन' म्हणजे एका लेखकाने आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा दिलेला दाखला. मी मुद्दाम 'दाखला' म्हणतो. आपल्या समाजाला दाखल्यांची सवय आहे. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. आपण कोण आहोत हे आपण सांगून भागत नाही, दुसऱ्या कोणीतरी ते लिहून द्यावे लागते. विद्वानांच्या जगातही तोच न्याय आहे. तुम्ही काय शोधले हे तुमच्या म्हणण्यावर ठरत नाही. तुमचे नाव किती जणांनी घेतले यावर ठरते.

या मोजणीचे मूळ कायद्यात आहे. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने १८७३ साली वकिलांसाठी एक सोय काढली. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, तो निकाल अजून उभा आहे की उलटवला गेला, याची यादी तो देत असे. ही पद्धत पाहून यूजीन गारफील्ड या तरुणाला वाटले, विज्ञानातही असेच का करू नये? १९५५ साली 'सायन्स' या साप्ताहिकात त्याने ती कल्पना मांडली. १९६० साली फिलाडेल्फियात त्याची संस्था उभी राहिली आणि १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' रीतसर निघू लागला. पहिल्या अंकमालेत १९६१ सालची ६१३ नियतकालिके आणि त्यांतले सुमारे १४ लाख दाखले होते. हे सारे छिद्रपत्रे आणि त्या काळातले संगणक वापरून.

गारफील्डचा मूळ हेतू माणसे तोलण्याचा नव्हता, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. त्याला शोधाची वाट सोपी करायची होती. १९४० सालचा एखादा लेख माझ्या हाती आला, तर त्याच्या तळटीपा मला मागे नेतील. पण त्या लेखाचे पुढे काय झाले, कोणी तो पुढे नेला, कोणी खोडून काढला, हे कसे कळणार? त्यासाठी ही अनुक्रमणी. पण आकडा एकदा छापला गेला की त्याचा वापर कोण कसा करील हे छापणाऱ्याच्या हाती राहत नाही. वाट दाखवायला लावलेला दिवा हळूहळू माणसाच्या तोंडावर धरला गेला. कोणाला नेमायचे, कोणाला अनुदान द्यायचे, कोणाला बढती द्यायची, हे त्याच्या उजेडात ठरू लागले.

आता ही मोजणी एका शास्त्राला लावून पाहू. माझे एक सहकारी प्राणिशास्त्र शिकवतात. स्टाफरूममध्ये चहा पिताना त्यांनी मला रोगप्रतिकारशास्त्रातली एक हकीकत सांगितली, तेव्हापासून मी त्या वाटेने वाचत गेलो.

कोंबडीच्या शेपटीकडच्या बाजूला, मलमार्गाच्या टोकाशी, एक लहानशी पिशवी असते. इटलीत पादुआ येथे शिकवणाऱ्या फाब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. ते १६२१ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. तिला त्याच्या नावाने 'फाब्रिशियसची बर्सा' म्हणतात. ती कशासाठी आहे हे सव्वातीनशे वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. १९५० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात कुक्कुटपालन विभागात ब्रूस ग्लिक नावाचा एक विद्यार्थी संशोधन करीत होता. पिल्लांच्या बर्सा काढून टाकून काय फरक पडतो हे तो पाहत होता, आणि फरक काही दिसत नव्हता. त्याचा सोबती टिमथी चँग हा एका वर्गाला शिकवत असे. कोंबडीला जंतूंपासून काढलेले द्रव्य टोचले की तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, हे त्याला विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. कोंबड्या कमी पडल्या म्हणून त्याने ग्लिककडून काही मागून घेतल्या. प्रात्यक्षिक फसले. काही कोंबड्या मेल्या, काहींच्या रक्तात प्रतिपिंडे आलीच नाहीत. दुसरा एखादा असता तर औषध बिघडले म्हणून गप्प बसला असता. या दोघांनी वही काढून पाहिले, तेव्हा कळले की ज्यांच्या रक्तात काही तयार झाले नाही त्या कोंबड्यांची बर्सा काढलेली होती.

त्यांनी प्रयोग पुन्हा मोठ्या प्रमाणावर केला. लेख लिहून 'सायन्स'कडे पाठवला. तो परत आला. मग ग्लिक, चँग आणि त्यांचे मार्गदर्शक जॅप यांचा तो लेख १९५६ साली 'पोल्ट्री सायन्स' या नियतकालिकात छापला गेला. पाने दोन. कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी शास्त्रीय माहिती देणाऱ्या नियतकालिकात प्रतिकारशक्तीवरचा मूलभूत शोध कोण शोधायला जाणार? मोठ्या वैद्यकीय विद्यापीठांच्या टेबलांवर ते नियतकालिक नव्हते. काही वर्षांनी विस्कॉन्सिनमध्ये हॅरल्ड वुल्फ यांच्या गटाने आणि मेलबर्नमध्ये वॉर्नर व झेनबर्ग यांनी तो धागा उचलला. १९६५ साली मिनेसोटात मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन आणि रॉबर्ट गुड यांनी दाखवून दिले की प्रतिकारशक्तीच्या दोन निरनिराळ्या फौजा आहेत. एक बर्सातून निघते आणि प्रतिपिंडे करते. दुसरी छातीतल्या थायमस ग्रंथीतून निघते आणि तिचे काम वेगळे असते. थायमसचे महत्त्व लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. तोवर ती ग्रंथी बिनकामाची मानली जात होती.

पुढे या दोन पेशींना 'टी' आणि 'बी' अशी नावे पडली. 'टी' थायमसची, 'बी' बर्साची. माणसाला बर्सा नसते. आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. पण कोंबडीच्या त्या पिशवीचे आद्याक्षर आज जगातल्या प्रत्येक वैद्यकीय पुस्तकात आहे. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांनीही बी-पेशी, टी-पेशी लिहिले. २०१९ साली अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार कूपर आणि मिलर यांना मिळाला. दोघेही थोर. पण ग्लिक आणि चँग ही नावे किती जणांना ठाऊक आहेत?

आता आमचा फॉर्म घ्या. समजा १९५८ साल आहे, ग्लिक नावाचा तरुण प्राध्यापक समितीपुढे बसला आहे. नियतकालिक कोणते? 'पोल्ट्री सायन्स'. पाने किती? दोन. मोठ्या नियतकालिकाने काय केले? नाकारले. दोन वर्षांत त्या शास्त्रातल्या नामवंतांपैकी कोणी दाखला दिला? पेन्सिलीने शून्य काढा आणि पान उलटा. शोध तोच, पाने तीच, सत्य तेच. फरक एवढाच की ज्यांचा दाखला मोजला जातो, त्यांच्या दारापर्यंत ते अजून पोहोचलेले नव्हते.

हा परदेशातला अपवाद आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या देशातले उदाहरण घेतो. आणि ते नेमके पटकीचे आहे.

रॉबर्ट कॉख १८८३-८४ साली कोलकात्यात आला आणि पटकीचा जंतू त्याने दाखवला. हा जंतू एखादे विष सोडत असावा असा त्याचा कयास होता. पुढची पाऊणशे वर्षे ते विष सिद्ध झाले नाही. जंतू रक्तात टोचून, पोटाच्या पोकळीत टोचून लोक प्रयोग करीत राहिले. शंभूनाथ डे हे हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावचे, १९१५ साली जन्मलेले. सामान्य परिस्थितीतून कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शिकले, लंडनहून १९४९ साली पीएच. डी. घेऊन परत आले. त्यांनी साधा विचार केला : रोग आतड्याचा आहे, तर प्रयोग आतड्यातच करावा. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात त्यांनी जंतू सोडले. आतड्याची ती गाठोडी पाण्याने टम्म फुगली. हे १९५३ साली छापून आले. मग १९५९ साली त्यांनी जंतू पूर्ण गाळून काढले आणि उरलेले नुसते पाणी आतड्यात सोडले. तरी तेच झाले. म्हणजे विष जंतूबाहेर येते, ते आतड्यावर काम करते आणि शरीराचे पाणी ओढून काढते. 'नेचर'मध्ये तो लेख आला.

त्याच १९५९ साली मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून स्वतंत्रपणे पटकीच्या विषाकडे बोट दाखवले. मुंबईच्या गिरण्यांच्या परिसरात, ट्रामच्या खडखडाटात झालेले हे काम आज मराठी वाचकाला सोडा, मराठी विज्ञानशिक्षकालाही माहीत नसते.

डे यांचे पुढे काय झाले? त्यांच्या शोधामुळे पटकीच्या उपचाराची दिशा स्पष्ट झाली. माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे, तेव्हा ते परत घालायचे. मीठ-साखरेच्या पाण्याने रोगी वाचतो हे १९६८ साली ढाक्यात प्रयोगाने सिद्ध झाले. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालानबीस यांनी तेच पाणी पिंपातून वाटून असंख्य जीव वाचवले. विष १९६९ साली अमेरिकेत शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले. त्याचा निरुपद्रवी भाग घालून तोंडाने घ्यायची लसही निघाली. म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राचा एक मोठा कप्पा त्यांच्या खांद्यावर उभा राहिला. डे मात्र साधनांअभावी पुढचे काम करू शकले नाहीत. १९७३ साली ते निवृत्त झाले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानच्या परिसंवादाला त्यांना बोलावणे आले, ते परदेशातून. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पुरस्कारासाठी सुचवले होते. आपल्या देशातल्या कुठल्याही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नाही. १९८५ साली ते वारले.

आणि इथे इतिहास मला एक अवघड गोष्ट सांगतो. ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८६ साली, डे यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, त्यांच्या कार्याचा ठळक आढावा घेतला तो यूजीन गारफील्डने. दाखल्यांचा नकाशा काढून त्याने दाखवले की १९५९चा तो लेख सुरुवातीला दुर्लक्षित राहिला आणि पुढे पटकीच्या संशोधनातला मैलाचा दगड ठरला. १९९० साली बंगळूरच्या 'करंट सायन्स'ने डे यांच्यावर विशेषांक काढला. म्हणजे ज्या मोजणीवर मी रागावलो होतो, तिनेच एका विसरलेल्या भारतीयाच्या बाजूने साक्ष दिली.

तेव्हा मोजणीला सरसकट नकार देणे आपल्याला परवडणारे नाही. आपण हे विसरू नये की आकडा येण्यापूर्वी काय होते. शिफारस होती. 'आपला माणूस' होता. तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून कपाळाला पडणारी आठी होती. गुणवत्ता नावाची एक धूसर वस्तू होती आणि ती कोणाच्या घरी वस्तीला असते हे सर्वांना आधीच ठाऊक होते. अशा ठिकाणी उघड्यावर मांडलेला, कोणालाही तपासता येणारा आकडा हा आपल्यासारख्यांचा आधारही होऊ शकतो. लेखी परीक्षेच्या आसनक्रमांकाने आपल्याला जे दिले, ते विसरून चालणार नाही. माझे भांडण आकड्याशी नाही. आकडा कोणत्या चाळणीतून येतो आणि कोणत्या खुर्चीवर बसवला जातो, याच्याशी आहे.

ती चाळणी नीट पाहू. आज दोन मापे विशेष चालतात. पहिले नियतकालिकाचे, म्हणजे 'इम्पॅक्ट फॅक्टर'. गेल्या दोन वर्षांत त्या नियतकालिकाने छापलेल्या लेखांना यंदा मिळालेले दाखले भागिले त्या लेखांची संख्या. १९७५ पासून गारफील्डची संस्था हे आकडे वार्षिक अहवालात छापू लागली. हे माप सरासरीचे आहे. चार लेखांना शंभर दाखले आणि शंभर लेखांना एकही नाही, तरी सर्वांच्या कपाळी तोच आकडा. शितावरून भाताची परीक्षा करतात हे आपण ऐकले आहे. इथे भांड्यावरून शिताची परीक्षा होते. आणि दोन वर्षांची मुदत! ग्लिकला नऊ वर्षे लागली, डे यांना त्याहून अधिक.

दुसरे माप माणसाचे. कॅलिफोर्नियातला पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक हॉर्हे हर्श याने २००५ साली ते सुचवले. त्याला 'एच-इंडेक्स' म्हणतात. तुमच्या वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस दाखले असतील तर तुमचा आकडा वीस. पण ज्याने आयुष्यात तीनच लेख लिहिले आणि त्या प्रत्येकाला हजार दाखले मिळाले, त्याचा आकडा तीनच. मग शहाणा माणूस काय करील? एक मोठे सत्य शोधण्यापेक्षा त्याचे वीस तुकडे करील आणि मित्रमंडळींना एकमेकांची नावे घ्यायला सांगेल.

शिवाय दाखला म्हणजे प्रत्येक वेळी कौतुक नव्हे. कोणी खोडून काढण्यासाठी दाखला देतो, कोणी रीत म्हणून देतो, कोणी वरिष्ठाला खूश करण्यासाठी देतो. विज्ञानात सर्वांत जास्त दाखले मिळालेला लेख कोणता? ऑलिव्हर लोरी यांचा १९५१ सालचा, द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याच्या पद्धतीवरचा. २०१४ पर्यंत त्याला तीन लाखांहून अधिक दाखले मिळाले होते. उपयुक्त पद्धत, यात वाद नाही. पण म्हणून तो विसाव्या शतकातला सर्वांत थोर शोध ठरत नाही. आणि नावाजलेल्या माणसाचेच नाव पुन्हा पुन्हा घेतले जाते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरून या प्रवृत्तीला नाव दिले. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळते. ज्याच्याजवळ नाही त्याचे असलेलेही जाते. हे समजायला आपल्या लोकांना समाजशास्त्र वाचावे लागत नाही.

पाश्चात्त्यांनाही हे कळले. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत संशोधक आणि संपादक जमले आणि पुढे त्यांनी जाहीरनामा काढला : नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचे मोल ठरवू नका, लेख वाचा. २०१५ साली लायडनच्या जाहीरनाम्यानेही बजावले की आकडा हा जाणकारांच्या निर्णयाला मदत करण्यासाठी आहे, आणि स्थानिक भाषांतल्या, स्थानिक प्रश्नांवरच्या संशोधनाचे रक्षण झाले पाहिजे.

आपल्याकडे काय झाले? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने महाविद्यालयीन शिक्षकांसाठी गुणांकांची पद्धत आणली. लेखाला इतके गुण, पुस्तकाला इतके, परिषदेला इतके. परिणाम काय झाला हे कोणत्याही स्टाफरूममध्ये विचारा. पैसे भरले की आठ दिवसांत लेख छापून देणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. मग मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली. २०१८ च्या मे महिन्यात त्या यादीतून ४,३०५ नावे काढून टाकावी लागली. त्यानंतर 'केअर' नावाची नवी यादी आली. ती करण्याच्या कामाचे एक केंद्र आपल्या पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. पंधरा वर्षांत तीनदा वजने बदलली. तराजूत बसलेला शिक्षक मात्र तोच. या सगळ्या काळात कोणी लेख वाचला काय, हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेच नव्हता.

या मापाने आपला स्वतःचा इतिहास मोजून पाहा. 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'जनता' १९३०. बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडन येथे इंग्रजीत जे प्रबंध लिहिले त्यांना या फॉर्ममध्ये जागा मिळेल. पण ज्या मराठी लेखांनी माणसे उभी केली, ते कोणत्या अनुक्रमणीत आहेत? ते हातोहात फिरले, चाळीच्या जिन्यात मोठ्याने वाचले गेले, ऐकणाऱ्याला वाचता येत नव्हते म्हणून पाठ झाले. त्यांचा दाखला तळटीपेत दिला गेला नाही. तो चवदार तळ्यावर चालत गेलेल्या पायांनी दिला. हे परिणाम नव्हेत काय? दलित नियतकालिकांनी साठोत्तरी काळापासून जे वाङ्मय घडवले, त्यावर आज परदेशी विद्यापीठांत प्रबंध होतात. त्या प्रबंधांना गुण मिळतात. मूळ लेखाच्या रकान्यात शून्य राहते. कोंबडीच्या पिशवीचे अक्षर जगभर गेले आणि 'पोल्ट्री सायन्स' मागे राहिले, तसेच हे.

मग करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक : समितीने लेख वाचावा. न वाचता दिलेला गुण आणि न वाचता काढलेले शून्य, दोन्ही सारखेच खोटे. दोन : आपल्या मराठी नियतकालिकांच्या जुन्या अंकांची आपणच अनुक्रमणी करावी. कोणी काय लिहिले, ते पुढे कोणी उचलले, याची नोंद ठेवावी. गारफील्डने जे छिद्रपत्रांवर केले ते आपल्या महाविद्यालयांतली चार मुले संगणकावर करू शकतील. आपल्या लोकांचे नाव घेतले गेले नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्या लोकांचे नाव आधी स्वतः घेतले पाहिजे. आपल्यातलेही कितीजण मागच्या पिढीतल्या कार्यकर्त्याचे लिखाण वापरतात आणि दाखला मात्र इंग्रजी पुस्तकाचा देतात! तीन : आकडा साक्षीला बोलवावा. न्यायाधीशाच्या खुर्चीवर त्याला बसवू नये.

माझ्या त्या लेखाचे एक सांगायचे राहिले. गेल्या चौदा एप्रिलला गावी जयंतीच्या कार्यक्रमात एका मुलीने तो वाचून दाखवला. अकरा नावे वाचून झाली तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी उठली. ती म्हणाली, "माझ्या थोरल्या बहिणीचं नाव राहिलं बाबा. सोना. सात वर्साची व्हती." मुलीने पेन मागून घेतले आणि माझ्या लेखाच्या समासात, छापील अकराव्या नावाखाली, बारावे नाव लिहिले.

पुढच्या मुलाखतीला मी तोच अंक घेऊन जाणार आहे. सायटेशन किती, असे कोणी विचारले तर ते पान उघडून समोर ठेवीन.